उरवड्याच्या भट्टीवर दाखवलेला सिनेमा

परदेशातल्या दोन महोत्सवांनी माझ्या नातीचा, कल्याणीचा, माहितीपट निवडला आणि घरात पेढे आले. माझा पेढा मात्र हातातच राहिला. गेल्या साली कासार आंबोलीच्या आमच्या भाड्याने दिलेल्या रानात वीटभट्टी होती. तिथे कच्च्या विटा उलटणाऱ्या नऊ वर्षांच्या राणीवर कल्याणीने आणि तिच्या कॉलेजातल्या पोरांनी तो केला. राणीच्या आईला, सुमनला, मी शब्द दिला होता. लोकांपुढे लावायच्या आधी तुम्हाला दाखवू, तुम्ही नको म्हणालात तर कुठेच लागणार नाही. ते कुटुंब यंदा उरवड्याकडच्या भट्टीवर आहे, म्हणून कल्याणीला घेऊन निघालो.

पिरंगुटपर्यंत बस मिळते. पुढे सहा आसनी रिक्षा भरेपर्यंत थांबावं लागतं. कारखान्यांची पाळी सुटताना जाऊ नका, बसायला जागा मिळत नाही. चौकात मिसळ चांगली आहे, पण माझ्या वयाच्यांनी रस्सा बेताने घ्यावा.

"मोबाईल चार्ज हाय ना?" मी विचारलं.

"आप्पा, चौथ्यांदा विचारताय."

"आन् ती न्हाई म्हणली तर?"

"मग पक्की प्रत नाही पाठवायची," कल्याणी रस्त्याकडे बघत म्हणाली.

भट्टीवर झाड नाही, पाणी बरोबर न्या. सुमन चिखल मळत होती. राणी ओल्या विटांच्या रांगांत होती. त्या फटींत लहान पावलंच मावतात, म्हणून हे काम पोरांकडे. सुमनने हात पुसले, मोबाईलवर पदराची सावली धरली. राणीही येऊन टेकली आणि दोघींनी वीस मिनिटांचा सिनेमा शेवटपर्यंत पाहिला.

"पाठवा," ती म्हणाली. "पर पोरीचं तोंड झाका. उद्या तिचं लगीन व्हायचंय."

"झाकते, मावशी."

माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात राणीने पडद्यावर बोट ठेवलं.

"आन् आजोबांचं?"

सिनेमात, आमच्या रानातल्या विटांच्या मागे, लिंबाखाली, खुर्चीत बसून मी चहा पीत होतो. सिनेमा मी तीनदा पाहिला होता. दर वेळी पोरीचंच तोंड बघत बसलो होतो.

"तेवढं कापू का, आप्पा?" कल्याणीने हळूच विचारलं.

सुमन हसली. "ऱ्हाऊ द्या की. मालक हायेत, त्यास्नी काय लाज?"

परतताना जुनं आठवलं. गुरं राखायला मी चौथीतच शाळा सोडली. भट्टीवरची पोरं बघून म्हणायचो, आम्हीपण केलंच की. आणि चहा प्यायचो.

राणीचं तोंड झाकून, माझं उघडं ठेवून सिनेमा गेला. चार दिवसांनी एक भट्टीवाला आमच्या रानात जागा मागायला आला.

"पोरं कामाला लावनार नसशील तर बोल," मी म्हणालो.

"मग इटा उलटनार कोन, आप्पा?"

रान यंदा मोकळं आहे. राणी मात्र उरवड्याला विटा उलटतेच आहे.