न ऐकलेल्या कॅसेटची तारीफ

माझं कॉलेज सुरू झालं तेव्हा आम्ही मखमलाबादकडे दुसऱ्याच्या रानात निम्म्या वाट्याने झेंडू करत होतो. पत्र्याची एक खोली, त्यात सहा माणसं. उजाडताना फुलं तोडायची, वडिलांबरोबर गंगेवरच्या, म्हणजे शहरातल्या नदीकाठच्या, फुलबाजारात पाट्या उतरवायच्या आणि तिथूनच वर्गात जायचं. झेंडूने बोटं काळी पडलेली असायची. पहिलं वर्षभर मी हात बाकाखाली ठेवून बसले.

ते हात वर आले भित्तिपत्रकामुळे. मराठीच्या सरांनी माझं अक्षर बघून फलक माझ्याकडे दिला. अट एकच. "जे वाचलं नाही, ऐकलं नाही, त्यावर लिहायचं नाही. सापडलं तर फलक दुसऱ्याकडे." कॉलेजात मला कोणी नावाने हाक मारायचं ते त्या फलकापायी.

आम्हा पाच मैत्रिणींचा जीव एका हिंदी बँडवर. त्यांच्या पहिल्या दोन कॅसेटी आम्ही ऐकून ऐकून झिजवल्या होत्या. तिसरी मेनरोडच्या दुकानात मंगळवारी येणार होती आणि फलक बदलायचा असायचा सोमवारी. मला सगळ्यांच्या आधी लिहायचं होतं. त्यांची कॅसेट वाईट निघेलच कशी? मी लिहून टाकलं, "सगळी गाणी ऐकली. एकही डावं नाही." खाली माझी सही.

मंगळवारी लेडीज रूममध्ये टेप लावला. दोन गाणी झाली, तिसरं झालं. एक बाजू संपली, दुसरी लावली.

"ए, बाजू बदल गं."

"बदललीये. ही दुसरीच आहे."

"दाताच्या दवाखान्यात लावायला बरी आहे."

"माझ्या भावाच्या हळदीला बेंजोवाले याच्यापेक्षा भारी वाजवत होते!"

जी सगळ्यांत कट्टर होती तिचे डोळे भरले. "चार वेळा ऐकलं की आवडेल. थांबा ना." मग ती माझ्याकडे वळली. "पण तू तर सगळी ऐकली होतीस ना? लिहिलंयस की."

दुपारी कॉमर्सची दोन मुलं फलकाजवळ उभीच होती. "काय संपादक मॅडम, कॅसेट परत घेता का? तुमचं वाचून घेतली."

सर पेपर तपासायला पुण्याला गेले होते, गुरुवारी यायचे होते. कागद फाडून टाकावा असं दहादा वाटलं. पण वाचलं होतं सगळ्यांनी. बुधवारी मी वर्गात पुन्हा हात बाकाखाली घेतले.

गुरुवारी सकाळी बाजारात एका हारवाल्याने आमच्या पाटीत कोपरापर्यंत हात घातला. वर ताजा माल ठेवून खाली शिळा दडपायची तिथे रीतच होती, म्हणून सगळे तसंच बघायचे. वडिलांनी पाटी उचलली आणि अख्खी पोत्यावर पालथी केली.

"घ्या, बघा. खालीबी त्येच हाय."

मला म्हणाले, "तू काय बघती? जा, उशीर व्हईल."

मी सायकल दामटली आणि सर फलकाशी पोचायच्या आत त्यांना दारात गाठलं.

"सर, मी कॅसेट न ऐकता लिहिलं."

त्यांनी विचारलं, "आता ऐकलीस?"

"हो सर. वाईट आहे."

"मग तसं लिही. पहिला कागद काढायचा नाही. दुसरा त्याच्या शेजारी लाव, सही करून."

आठवडाभर दोन्ही कागद शेजारी शेजारी राहिले. येणारा-जाणारा दोन्ही वाचायचा आणि हसायचा. कट्टर मैत्रीण पंधरा दिवस माझ्याशी बोलली नाही, पण बँडला वाईट म्हटलं म्हणून. खोटं लिहिलं याचं तिला काहीच नव्हतं. वर्ष संपेपर्यंत दर सोमवारी मला धाकधूक असायची की सर फलक काढून घेतील.

त्यांनी काढून घेतला नाही. तिसऱ्या वर्षापर्यंत तो माझ्याकडेच होता. मग मी बी.ए. झाले. आमच्या घरात पहिली.