बाजेइतकी गाडी

लोक गाडी बघायला जाताना एखादा मेस्तरी संगं नेतात. कारभारीनं सुतळी नेली.

सुतळीला एक गाठ होती, जमिनीपासून बाजेच्या उंचीवर मारलेली. नंदाबाईच्या, त्याच्या बायकोच्या, उजव्या अंगावरून वारं गेल्यापासून कुणाचा हात न लागता ती बसू शकायची अशी जागा एकच, ती बाज. पाठ करायची, डाव्या हातानं मेढ धरायची अन् बूड टेकायची. दवाखान्यातून आणलं तेव्हा तिघांनी मिळून तिला जीपमधून उतरवलं होतं. एकानं बखोटं धरलं, दोघांनी पाय. साडी गुडघ्याच्या वर गेली अन् सारी गल्ली बघत राहिली. बाजेवर टाकल्यावर वाकड्या तोंडानं ती एवढंच बोलली, "परत मला पोत्यावानी उचलू नका."

त्यानंतर तिनं उंबरा ओलांडला नाही. लेक दैवशालानं बदनापुरात घर बांधलं, वास्तुशांत झाली, जेवणावळी उठल्या. आई गेली नाही. "उचलून नेनार असान तर मेल्यावरच न्या," म्हणायची.

म्हणून सुतळी.

जालन्याच्या मोटारसायकलींच्या दुकानात कारभारी एकेका गाडीजवळ उकिडवा बसायचा, सुतळी लावायचा, मान हलवून उठायचा. दुकानदाराला राहवलं नाही. "काका, काय मापून राह्यले?"

"बायकोचं बूड."

दुकानदार हसता हसता थांबला. मंग त्यानंच कोपऱ्यातली गाडी दाखवली. लांबलचक, बुटकी, पाय पुढं पसरून चालवायची. "ही क्रूझर. पण काका, ही हौशी लोकांची हाय."

मागची सीट गाठीच्या चार बोटं वर भरली. चार बोटं कापता येतात, असं म्हणून कारभारीनं तीच घेतली. पिकल्या मिशांचा माणूस तसल्या गाडीवर गावात शिरला तेव्हा पारावरच्यांना आठवडाभराचा विषय मिळाला.

गावात नांगर-कोळपी सांधणारा कमरोद्दीन. त्यानं सीट फाडली, आतला फोम कापला, परत शिवली. साडी चाकात जाऊ नये म्हणून लावलेली जाळी बघून म्हणाला, "दादा, बायामानसं डावीकडूनच बसतात. कंपनीनं बराबर देली."

"डावीकडं तोंड करून बसली तर मला धरायला उजवा हात लागंल, कमरूभाई. तो तर मेलाय."

कमरोद्दीन बराच वेळ गाडीभोवती फिरला. "मंग उलटी बसवू. उजवीकडून."

"अन् सायलेन्सर? पाय भाजंल."

"त्याला पत्र्याची बंडी शिवतो की."

जाळी उजवीकडं आली, पाय ठेवायला फळी आली. डाव्या कडेला गादीचा कठडा उभा राहिला, नंदाबाईची पाठ टेकायला. आता त्या सीटवर दुसरं कुणी बसूच शकत नव्हतं.

अंगणात नंदाबाईनं गाडीकडं पाठ केली, डावा हात नवऱ्याच्या खांद्यावर ठेवला अन् बूड टेकलं. कुणीच उचललं नाही. "हाय की बाजच!" ती म्हणाली, अन् अर्धं तोंड हसलं.

शेजारची मीना भिंतीवरून ओरडली, "काकू, नवरीवानी निघाल्या की!"

"गप गं सटवे!"

गाडीवाटेनं मारुतीपर्यंत जाऊन आले. वाटेत एक बैलगाडी अन् दोन शेळ्या. पुढल्या सोमवारी बदनापूर ठरलं.

हायवेला लागल्यावर ट्रक उजव्या अंगानं घासून जायला लागले. नंदाबाईचं तोंड नेमकं तिकडंच. चाकं तिच्या गुडघ्याजवळून जायची. खांद्यावरचा हात घट्ट होत गेला.

दैवशालाची गल्ली नळासाठी खांदलेली. मातीचा ढीग पार हायवेला टेकलेला. कारभारीनं गाडी ढिगाला चिकटून उभी केली अन् म्हणाला, "उतर."

नंदाबाईनं फळीवरचा पाय काढला. खाली डांबर होतं अन् समोरून गाड्या येत होत्या. पाय तिथंच लटकला.

कारभारीला तेव्हा कळलं. त्यानं गाडी फिरवायला बघितली, पण तसल्या लांब गाडीला वळायला अर्धं वावर लागतं. पुढचं चाक मातीत रुतलं, गाडी कलली. एका ट्रकनं असा हॉर्न मारला की नंदाबाईनं खांदा सोडला अन् अर्धी घसरली. कारभारीनं दोन्ही पायांनी गाडी तोलून धरली होती. त्याला हात सोडता येईना.

समोरच्या हाटेलातली माणसं धावत आली. भली माणसं. एकानं बखोटं धरलं, दोघांनी पाय. "धरा, धरा, मावशीला धरा!" ढिगावरून तशीच उचलून गल्लीत नेली. दैवशाला दारातच उभी होती, नवी साडी नेसून.

नंदाबाई पडवीत बसली. "आत ये ना, मायऽ," दैवशाला काकुळतीला आली. मायनं मान हलवली. घर आतून बघितलंच नाही. परतताना जीप करावी लागली.

पुढं कमरोद्दीन म्हणाला, "दादा, सगळं परत डावीकडं करून देतो."

"अन् तिचा हात?"

कमरोद्दीन पान्हा पुसत बसला.

बॅटरी उतरू नये म्हणून कारभारी रोज सकाळी गाडी जागेवरच चालू करायचा. आवाज आला की नंदाबाई भिंतीकडं तोंड करायची. एके दिवशी भिंतीकडं बघतच बोलली, "आवो, बसायचा येवढा इचार केला आपन. उतरायचं मला तरी सुचायला पायजे होतं."

दुसऱ्या दिवसापासून त्यानं गाडी चालू करणं सोडलं.