भोईरकाकांची हजेरी

भिवंडीच्या कंट्रोल रूममध्ये मी रुजू झालो, त्या सकाळी तिथले जुने ऑपरेटर भोईरकाका मशीनसमोर उभे राहून एकेका हिरव्या दिव्यावर बोट ठेवत हजेरी घेत होते. "अंबाडी हाय. वज्रेश्वरी हाय. अंजूर हाय." मला हसू आवरेना. दिवे काय 'हजर' म्हणणार होते?

कंपनीच्या तीस गोडाउनांतून वजनकाट्याचे आकडे, आगीचे इशारे अशी किरकोळ, संथ माहिती यायची, तीही सगळी एकाच डिजिटल लाइनवरून. मशीन प्रत्येक क्षणाचे तीस तुकडे करायचं आणि प्रत्येक गोडाउनला एक द्यायचं. सांगायला काही नसलं, तरी त्याचा तुकडा त्याच्याच नावानं रिकामा यायचा. अंजूरचा तर कायमच रिकामा. तिथं नुसतं आगीचं बटण होतं, आणि रखवालदार म्हणून काकांचा धाकटा भाऊ पांडू.

"काका, ही जागा फुकट जाते," मी एकदा म्हणालो.

"पंगतीत एकादा गप बसला, म्हनून त्याचा पाट उचलतोस का रं?"

पुढे काका दोन दिवस वज्रेश्वरीला लग्नाला गेले. नेमका एका नव्या वजनकाट्याला जागा हवी होती. मी अतिशहाण्यानं अंजूरची काढून दिली. दिवा फक्त आमच्याकडची लाइन चालू असल्याचं दाखवायचा, तो हिरवाच राहिला. काकांना मी विचारलं नाही, पांडूला कळवलंही नाही.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी अंजूरचं गोडाउन पेटलं. आम्हाला कळलं ते एका रिक्षावाल्याच्या फोनवरून, तेही फार उशिरा. पांडू केबिनमध्ये सापडला, अंगठा बटणावर. मोबाइल खिशात होता. केबिनचं दार उघडं होतं. तो पळाला का नाही?

तेराव्यानंतर काका कामावर आले. मी सगळं सांगून टाकलं आणि मान खाली घालून उभा राहिलो. मार खायची तयारी होती. काका खुर्चीत बसले.

"मीच त्याला सांगितलेलं," ते म्हणाले, "कायबी झालं तरी बटन सोडू नको. तिकडं मी हाय."

मग ते उठले आणि नेहमीसारखे हजेरीला लागले. "अंबाडी हाय. वज्रेश्वरी हाय." अंजूरची जागा मी परत जोडली होती, दिवा हिरवागार होता. काकांचं बोट त्याच्यावर थांबलं.

"न्हाय," ते म्हणाले. चपला घालून निघून गेले, ते परत आले नाहीत.

हजेरी आता मी घेतो. अंजूरपाशी माझंही बोट थांबतं.