पत्र्याची चकचकीत बाजू

"सर, पोरीचा गाल भाजलाय. एकच. उजवा."

दिगंबरचा फोन आला तेव्हा मी चहा गाळत होतो. मला वाटलं, तेल उडालं असेल. म्हटलं, "अरे मग दवाखान्यात ने. मी वेल्डिंग शिकवायचो, डॉक्टर नाही."

"डॉक्टरनं उन्हाचं हाय म्हनून मलम दिलं. ऊन एकाच गालावर पडतंय का, सर? अन् तिच्या बाजूला बसणाऱ्या समद्या पोरींचा उजवाच गाल लाल झालाय. रातभर डोळ्यात वाळू गेल्यावानी रडायल्यात."

"त्या बसतात कुठे?"

"क्लासमधी. वरच्या हॉलमधी."

"आणि तू कुठे आहेस?"

दिगंबरने आवाज खाली आणला. मग म्हणाला, "त्याच मजल्यावर, सर. हॉलच्या बगलंला. वेल्डिंग माझंच चालूय की."

चहा तसाच ठेवून मी निघालो.

मी आयटीआयमध्ये वेल्डर ट्रेडचा इन्स्ट्रक्टर होतो. सुरुवात नांदेडला, भूकंपानंतर लातूरला बदली, आणि रिटायरही लातूरलाच झालो. दिगंबर माझा भूकंपानंतरच्या बॅचचा विद्यार्थी. निलंग्याकडच्या खेड्यातला. त्या काळात सगळीकडे पत्र्याच्या शेड उभ्या राहत होत्या. दगडामातीच्या घरात झोपायला लोक घाबरायचे. ज्याच्या हातात वेल्डिंगचा होल्डर, त्याला काम. पोरं ट्रेड पुरा व्हायच्या आधीच कामाला लागली आणि त्या घाईत एक वाईट खोड शिकली, ती म्हणजे डोळे मिटून टाका मारायची.

टाका म्हणजे काय ते सांगतो. दोन अँगल जोडताना आधी एकेका ठिकाणी क्षणभर वेल्डिंग करून ते जागेवर पकडतात. शिंपी कच्ची शिलाई घालतो, तसंच. आता वेल्डरच्या एका हातात होल्डर. दुसऱ्या हातात तोंडासमोर धरायची काळ्या काचेची हँड स्क्रीन. मग अँगल धरायचा कुणी? तिसरा हात देवाने दिलेला नाही. म्हणून पोरं स्क्रीन खाली ठेवतात, अँगल धरतात, डोळे गच्च मिटतात आणि टाका मारतात. डोळे वाचतात थोडेफार. चेहऱ्याचं काय?

वेल्डिंगच्या ठिणगीचा जो झगझगीत उजेड असतो, त्याला आम्ही आर्क म्हणतो. उन्हाने कातडी ज्या किरणांमुळे भाजते, तेच अतिनील किरण या आर्कमध्ये असतात, आणि तेही हातभर अंतरावर. त्यात फसवणूक अशी की त्या वेळी काही कळत नाही. जळतं काही तासांनी. दिवसा काम करून माणूस हसत घरी जातो आणि जेवून आडवा झाला की तोंडाची आग सुरू होते. मी वर्गात ओरडून सांगायचो, "अरे, पापणीसुद्धा कातडीचीच असते!" पोरं हसायची.

तर, क्लासच्या दारात दिगंबर उभा होता. त्याचा चेहरा बघून मला शिवी आली. नुसत्या गॉगलवर काम करून डोळ्यांभोवती त्या आकाराची गोरी पट्टी, बाकीचा चेहरा भरताच्या वांग्यासारखा. नाकावरची साल सुटलेली.

"हे काय करून घेतलंस?"

"माझं ऱ्हाऊ द्या, सर. माझी सवय हाय. पोरीचं बघा."

वर गेलो. अर्ध्या गच्चीवर मुलींच्या बॅचचा हॉल, आणि उरलेल्या अर्ध्या गच्चीवर दुसऱ्या हॉलच्या छपरासाठी लोखंडी कैच्या उभ्या करायचं काम; दिगंबर आणि अजून दोन वेल्डर. लातुरात एव्हाना क्लासचा जोर असा होता, की एक हॉल पुरा होईपर्यंत दुसऱ्या हॉलची पोरं येऊन बसायची. मुलींच्या हॉलच्या उजव्या, म्हणजे कामाकडच्या अंगाला खिडक्यांच्या चौकटी होत्या, काचा बसायच्या होत्या. साधी काच असती तरी यातले बरेचसे किरण अडले असते.

दिगंबरची आरती खिडकीशेजारीच बसायची. बारीकशी, तरतरीत मुलगी. उजवा गाल टोमॅटोसारखा.

"वेल्डिंगकडे बघत बसता का गं?" मी विचारलं.

"नाही सर, बघितलं तर ओरडतात. आम्ही फळ्याकडेच बघतो. उजेडच फळ्यावर येतो. पांढरा फळा आहे ना."

खाली डायरेक्टर सरांच्या केबिनमध्ये गेलो. कंत्राटदार शिवराजअप्पाही तिथेच बसलेले. मी ओळख करून दिली आणि सगळं सांगितलं.

डायरेक्टर हसले. "सर, क्लासमध्ये एकही मुलगी रडलेली नाही. सगळ्या हॉस्टेलवर गेल्यावर रडतात. म्हणजे हा हॉस्टेलचा प्रॉब्लेम आहे. पाण्याचा असेल."

"आर्क लगेच जाणवत नाही. काही तासांनी जाणवतो."

"मग इतके दिवस आमच्या वेल्डरला काही झालं नाही ते?"

मी म्हणालो, "तुम्ही तुमच्या वेल्डरचं तोंड बघितलंय का?"

अप्पा मध्येच बोलले, "त्याचं तोंड पैल्यापासूनच तसं हाय. जातीचा काळा हाय त्यो."

दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला, अशी म्हण आहे, म्हणजे आजार एकाला आणि उपाय भलत्यालाच. इथे तर रेड्यावरच डाग दिसत होता आणि तरी तो रेड्याचा रंग ठरत होता. पण मुलींच्या पालकांचे फोन सुरू झाले होते, म्हणून डायरेक्टरांनी ऐकून घेतलं. मी तीन गोष्टी सांगितल्या. वेल्डरना डोक्यावर बसणारी पूर्ण हेल्मेट द्या, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात आणि डोळे मिटायची वेळ येत नाही. गळ्याला चामड्याचा पट्टा आणि शर्टाची कॉलर बंद. आणि हॉल व कामाच्या मध्ये आडोसा घाला, काळ्या रंगाचा, न चमकणारा.

"काळा?" डायरेक्टर ताठ झाले. "सर, पुढच्या आठवड्यात नव्या बॅचची पूजा आहे. लांबून पालक येणार. दारात त्यांना काळं दाखवू? शुभकार्यात?"

"मग दुसरा रंग लावा. पण चमकणारा नको."

"बघतो, बघतो. आडोसा उद्याच होईल."

हेल्मेटचं काय, ते कुणीच बोललं नाही. घरी माझं जुनं हेल्मेट होतं, ते मी दिगंबरला नेऊन दिलं. त्याने ते घातलं, झडप खाली पाडली आणि आतून म्हणाला, "सर, लई उकडतंय." त्यात खोटं काही नव्हतं. लातूरचा उन्हाळा, वर ऊन, खाली तापलेला स्लॅब. पण त्याने घातलं.

आडोसा खरोखरच दुसऱ्या दिवशी झाला. डायरेक्टरांचा स्वतः फोन आला. "सर, मुली एकदम ओके! तुमचे उपकार." मला बरं वाटलं. म्हातारपणी कुणी ऐकलं की बरंच वाटतं.

चार दिवसांनी दिगंबरचा फोन. "सर, हेल्मेट घालून बी जळायलंय. आता मागनं जळायलंय."

"मागून?"

"कान, मान, गळा. अन् हेल्मेटच्या आत बी, जबड्याला."

गेलो. आणि जिन्यावरूनच डोळे दिपले. आडोसा म्हणून त्यांनी नवा कोरा पन्हळी पत्रा उभा केला होता, गच्चीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, आरशासारखा. मुलींच्या बाजूला त्यावर गुणवंतांचे फोटो लावले होते. वेल्डरच्या बाजूला नुसता पत्रा. दिगंबर पत्र्याकडे पाठ करून काम करायचा. आर्कचा उजेड जायचा, पत्र्यावर आपटायचा आणि मागून परत यायचा. हेल्मेट पुढून बंद असतं, मागून उघडं. उजेड तिथून शिरत होता. गॉगलवर काम करणाऱ्या दुसऱ्या दोघांची तर आगीतून फुफाट्यात अशी गत झाली होती. एकाच्या कानाच्या पाळीला फोड आला होता.

मी डायरेक्टरांना गच्चीवरच गाठलं. "हा पत्रा काढा, नाहीतर रंगवा. सगळा उजेड परत माणसांवर येतोय."

"मुलींना त्रास आहे का आता?"

"मुलींना नाही."

"मग विषय संपला की, सर." ते अगदी गोड बोलत होते. "तुम्हीच म्हणालात आडोसा करा, आम्ही केला. आता रंगाचं कशाला? हा पत्रा काम संपल्यावर गेटवर लावायचाय, मोठ्या फ्लेक्ससाठी. खास आणवलाय."

अप्पा म्हणाले, "मी क्रीम आणून देतो तिघास्नी. चांगलं भारीतलं. दोन दिसात गोरे हुत्याल."

मी दिगंबरला बाजूला घेतलं. "काम बंद कर. तिघांनी मिळून बंद करा. एका तासात पत्रा रंगवतील."

"न्हाई सर."

"का नाही?"

तो खाली बघत होता. "आरती स्पेशल बॅचला हाय. त्या बॅचमधी कोन ठिवायचं, कोन काढायचं, ते डायरेक्टर सर ठरवितेत. मी इथं कामाला लागल्यावर हात जोडले, तवा तिला आत घेतलंय. आता मी कुरकुर केली अन् पोरीला भाईर बसवलं तर? वरीस जाईल तिचं. माझी कातडी काय, पुन्ना येती."

मला राग आला. त्याचा नाही. पण ओरडता फक्त त्याच्यावरच येत होतं, म्हणून त्याच्यावरच ओरडलो. "येती, पण तशीच येत नाही! दर वेळी भाजली की डाग धरते, जाड होते. किती वर्षं येईल?"

"पोरगी डॉक्टर हुईस्तोवर आली तरी बास, सर."

मी खाली उतरलो आणि दुकानातून गेरू घेतला. गेरू स्वस्त असतो, लाल असतो, कुंड्यांना आणि अंगणाला लावतात, म्हणजे अशुभ म्हणायची सोय नाही. आणि तो चमकत नाही, उजेड पिऊन टाकतो. बादलीत कालवला, त्यात डिंक टाकला आणि गोणपाटाचा बोळा करून मी स्वतः वेल्डरच्या बाजूचा पत्रा फासला. रिटायर्ड माणूस, पायजमा लालेलाल. मुली जिन्यावरून येता-जाता बघून हसत होत्या. दिगंबरही हसला, आणि हसताना त्याचे ओठ चिरले.

गेरूचा गुण आला. दुसऱ्या दिवशी मानेची आग कमी होती. तिसऱ्या दिवशी जवळपास नव्हती. मला वाटलं, झालं.

पूजेच्या आदल्या दिवशी सहज डोकावलो. पत्रा पुन्हा चकचकीत. माझंच तोंड त्यात दिसत होतं.

"कुणी धुतला?" मी विचारलं. आवाज माझा मलाच ओळखू आला नाही.

बाकीचे दोघे दिगंबरकडे बघू लागले. मग दिगंबर म्हणाला, "मी धुतला, सर."

"तू?"

"डायरेक्टर सर म्हनले, 'दिगंबर, तुझ्या सरांनी पत्रा खराब केला, पूजेला पालक येनार, पुढं गेटवर लावायचा हाय, साफ करून घे.' आरती बी हुती तिथं हुबी. तिच्याकडं बघतच म्हनले. मी काय करू?"

हातात ब्रश घेऊन आपल्याच मानेवरचं औषध घासून काढणाऱ्या माणसाला कुठलं तत्त्वज्ञान सांगायचं? कामाचे अजून बरेच दिवस बाकी होते. त्याने ते सगळे पुरे केले, त्या पत्र्याकडे पाठ करून. मी परत गच्चीवर गेलो नाही. गेलो असतो तर पुन्हा गेरू लावला असता, आणि पुन्हा त्यालाच धुवायला लागला असता.

आरती पास झाली. मेडिकलला लागली, सरकारी कॉलेजला. मुलगी हुशारच होती. ती त्या हॉलमध्ये बसली नसती, तरी लागली असती असं मला वाटतं. दिगंबरला तसं वाटत नाही, आणि मी त्याच्याशी वाद घालत नाही.

त्याने मला फ्लेक्स बघायला बोलावलं. क्लासच्या गेटवर तोच पत्रा उभा होता, त्यावर हा भला मोठा फ्लेक्स. मधोमध आरती, एका बाजूला तिची आई, दुसऱ्या बाजूला एक गृहस्थ. गोरेपान, गुळगुळीत, नाकावर डाग नाही, कानावर खूण नाही.

प्रत्यक्षातला दिगंबर माझ्या शेजारी उभा होता. मान काळी-तांबडी, कातडीवर सुरकुत्या आणि चट्टे, गॉगलची पट्टी तशीच.

"सर, वळकीतच न्हाई मी मला," तो म्हणाला.

आरतीला लाज वाटत होती. "पप्पा, मी सांगितलं होतं त्यांना, आहे तसाच फोटो ठेवा म्हणून. ते म्हणाले, चांगलं दिसत नाही. बाकीचे पालक बघतात."

मी पत्र्याच्या मागे जाऊन बघितलं. पन्हळीच्या खाचांत ब्रश पोचला नव्हता, तिथे थोडा गेरू अजून होता.

वेल्डिंग करताना चेहरा कसा वाचवायचा, हे मी आयुष्यभर शिकवलं. पूर्ण हेल्मेट घाला, कॉलर बंद ठेवा, गळा झाका, डोळे मिटून टाका मारू नका, आजूबाजूला चकाकणारं काही ठेवू नका. लातूरने त्यात एका उपायाची भर घातली. चेहरा भाजू द्यायचा, आणि फ्लेक्सवर दुरुस्त करून घ्यायचा. सगळ्यांत सोपा उपाय हाच आहे. माणसाला हातसुद्धा लावावा लागत नाही.