माझी हलणारी मान

माझ्या सुनेने इथे कोलकात्यात शाळेत नोकरी धरली तेव्हा घरी तिची विद्यार्थिनी मीच होते. पाचवीच्या मुलांना गणित शिकवायचं, म्हणून आदल्या संध्याकाळी ती माझ्यासमोर पाठ म्हणून बघायची. शाळेत इंग्रजीत, घरी मराठीत. मी चौथीपर्यंत शिकलेली. ती म्हणायची, "आई, तुम्हाला कळलं की सगळ्यांना कळेल." मी कळल्यासारखी मान हलवायची.

पाव, अर्धा, पाऊण मला ठाऊक आहेत, पण एकाखाली एक आकडे लिहून मध्ये रेघ मारलेली मी कधी पाहिली नव्हती. ती मन लावून घरातला छोटा फळा भरायची. मधेच "थांब" कसं म्हणायचं?

वर्गातल्या मुलांनीही माना हलवल्या. मग वह्या तपासल्या तर जवळपास सगळ्यांची उत्तरं चुकलेली. मुख्याध्यापिकेने सांगितलं, हाच धडा शुक्रवारी परत घ्या, मी मागे बसून बघते, मगच तुम्हाला कायम करायचं का ते ठरवू. सून घरी आली आणि पर्स न ठेवताच म्हणाली, "मला शिकवता येत नाही, आई. शुक्रवारच्या आधी मीच सोडते." जेवलीही नाही.

त्या शाळेत प्रत्येक नव्या बाईंना एक जुन्या बाई जोडून देतात. सुनेच्या वाट्याला आलेल्या मॅडम मराठीच निघाल्या. जन्म कोलकात्याचा, मराठीला बंगाली हेल. बुधवारी त्या शाळेतून थेट आमच्या गार्डन रीचच्या घरी आल्या. मी चहा ठेवून आत पळणार, तेवढ्यात म्हणाल्या, "तुम्ही कुठे निघालात? वर्गात बसा."

सून शिकवू लागली. एक सप्तमांश, एक पंचमांश. माझी मान हलली.

"ही मान माझ्या ओळखीची आहे," मॅडम म्हणाल्या. "वर्गात रोज चाळीस बघते." त्यांनी माझ्या हातात पेन्सिल दिली. "यातला मोठा कोणता? त्यावर खूण करा."

सात पाचापेक्षा मोठे. मी सातवर खूण केली.

सून कागदाकडे बघत राहिली. "आई! मग इतके दिवस मान का हलवत होतात?"

"तू एवढी घसा कोरडा करत होतीस. तुला वाईट वाटलं असतं."

"आज वाटू दे," मॅडम म्हणाल्या. "ताई, जिथे कळणार नाही तिथे मोठ्याने सांगायचं. एवढंच तुमचं काम."

एवढंच म्हणे! मी आयुष्यात भाजीवाल्यालाही कधी परत विचारलं नाही. पहिल्यांदा सवयीने मानच हलवली. दुसऱ्यांदा म्हटलं, "नाही कळलं." सुनेने परत सांगितलं. "नाही कळलं." तिने पोळीचं चित्र काढून तुकडे केले. चौथ्या-पाचव्या वेळी मला चेव आला.

"आई, आता तुम्ही मुद्दाम करताय!"

"नाही गं, खरंच. सात जास्त, मग तुकडा लहान कसा?"

तिने पोळी खोडून परत काढली, परत खोडली. मॅडम चहात बिस्किट बुडवत बसलेल्या. पलंगावर सुनेची उद्याची सुती साडी होती. तिला निऱ्या जमत नाहीत, त्या मीच घालून देते. हाताला काहीतरी हवं म्हणून मी पदर मांडीवर घेऊन निऱ्या घालू लागले आणि एकदम थांबले.

"अगं, निऱ्यांसारखं का? तेवढ्याच कापडात पाच घातल्या तर रुंद येतात. सात घातल्या की प्रत्येक अरुंद."

सुनेने माझ्या हातातून साडी ओढूनच घेतली. पाच घातल्या, सोडल्या, सात घातल्या. वाकड्यातिकड्या, पण घातल्या. "आई, हेच! उद्या जुनं पातळ द्या मला, फाडायला."

जाताना मॅडम चपला घालत मला म्हणाल्या, "माझ्याकडे तीन युक्त्या होत्या. पण मी सांगितल्या असत्या तर तिला दर वेळी माझ्याच लागल्या असत्या. म्हणून तोंडात बिस्किट ठेवलं."

शुक्रवारी दिवसभर माझं लक्ष दाराकडे. संध्याकाळी सून आली, ती पायऱ्यांवरूनच बोलत. मुलांनी आधी माना हलवल्या. तिने सांगितलं, माझ्या सासूबाई अशीच मान हलवतात आणि त्यांना काही कळलेलं नसतं. सगळे हसले, आणि शेवटच्या बाकावरची एक मुलगी उभी राहून म्हणाली, मला नाही कळलं. मग सुनेने पातळाची पट्टी काढून तिलाच निऱ्या घालायला लावल्या. मुख्याध्यापिका मागून उठून बघायला पुढे आल्या. सून कायम झाली.

"सगळ्या वर्गाला सांगितलंस माझं?" मी विचारलं. लाजेने कान गरम झाले होते, पण हसूही येत होतं.

काल संध्याकाळी तिने माझ्यासमोर दशांश घेतले. मी सरसावून बसले. तिने खडू उचलला आणि मी म्हटलं, "नाही कळलं."

"आई, मी अजून फक्त तारीख लिहितेय."