बिरूनं थांबवलेले पेढे

बिरू गेल्याचा फोन आला तेव्हा मी थायरॉइडची गोळी घेऊन, चहासाठी अर्धा तास सरायची वाट बघत होते. झोपेतच हृदय थांबलं, भावजय सांगत होती… त्या दिवशी चहा राहूनच गेला. ती गोळी घ्यायला मी आज आहे ती बिरूमुळे. दीड महिन्याने का होईना, हे लिहून ठेवते आहे.

बिरू माझा धाकटा भाऊ. आमच्या चिंताकी गावात मेंढरांमागे वाढला, कोळारच्या कारखान्यात दोन वर्षं पोती उचलली, मग हट्टाने लॅब टेक्निशियनचा कोर्स करून गुलबर्ग्याच्या एका लॅबमध्ये लागला. गाठीचे पातळ काप काचेवर घ्यायचे, रंगवायचे, डॉक्टरांपुढे ठेवायचे, हे त्याचं काम. हैदराबादला जाऊन तो नवी पद्धत शिकून आला. थायरॉइडच्या काही गाठी सूक्ष्मदर्शकाखालीही सारख्याच दिसतात. पण कर्करोगाच्या गाठीत बहुधा काही ठरावीक प्रथिनं असतात, आणि ती असली की या पद्धतीने रंगवलेला काप तपकिरी होतो. जेवायला बसला तरी हेच. मी शाळेत मराठी शिकवणारी, "व्हय बाबा, भाकरी वाढू का?" एवढंच म्हणायची.

मग माझ्याच गळ्यात गाठ निघाली. अर्धी ग्रंथी काढली तरी ती साधी की वाईट, हे ठरेना. काच बिरूनेच रंगवली. तपकिरी रंग आला नाही. लॅबमधल्या एका नव्या डॉक्टरांनी आनंदाने फोन केला आणि मी शाळेत पेढे मागवले. खोका उघडला तोच बिरूचा फोन.

"अक्का, पेढे वाटू नको अजून."

"कामून रे? रंग आला न्हाई म्हणले की डॉक्टर."

"तुझ्या काचंसंगं एक दुसरी काच रंगवतो मी, कॅन्सरच हाय म्हणून ठावं असलेली. तिला रंग यायलाच पायजे. तीबी कोरीच हाय… चूक माझ्या हातानं झाली, अक्का. मोठ्या डॉक्टरला सांगून आलोय. परत करायलोय."

मी चिडले. बहिणीच्या तोंडातला पेढा काढून घेणारा हा कसला भाऊ, असं बोलूनही गेले.

दुसऱ्या वेळी दोन्ही काचांवर रंग चढला, म्हणजे माझी गाठ कर्करोगाचीच होती. उरलेली ग्रंथी काढली, पुढचे उपचार झाले, आणि चार वर्षांनंतरही मी वर्गात मुलांवर ओरडते आहे. चूक लपवली असती तर कुणाला कळलंही नसतं. नोकरीवर गदा येईल हे ठाऊक असून तो सांगायला गेला. मला माझ्या भावाचा फार अभिमान वाटतो.

घरातही त्याचा हाच खाक्या. दिवा लागला नाही तर बल्बला लगेच दोष द्यायचा नाही. आधी चालतो हे माहीत असलेला बल्ब तिथे लावून बघायचा. त्यासाठी माझ्या फडताळात त्याने एक बल्ब कागदात गुंडाळून ठेवला होता, वर वेड्यावाकड्या अक्षरात 'चालू आहे, वापरू नये'. परवा स्वयंपाकघरातला दिवा गेला. स्टुलावर चढून मी तो बल्ब लावला. लख्ख लागला. तसाच राहू द्यावा, असं क्षणभर वाटलं… पण मी तो उतरवला, गार होऊ दिला, त्याच कागदात गुंडाळून जागेवर ठेवला आणि नवा बल्ब आणायला दुकानात गेले.