अक्काचं वायलं ताट

खुर्चीत बसायच्या आधीच ती डावी बाही वर सारायची. "भाऊ, डावा घे. उजवा मांडासाठे ठेवेल शे."

धुळ्यातल्या एका लॅबमध्ये मी रक्त काढतो. तुम्हीही पाहिलं असेल, सुई टोचताना माणसं भिंतीकडं बघतात. ही थेट सुईकडं बघत गप्पा मारायची. शिंदखेड्याकडची, साठीची. आम्ही तिला अक्काच म्हणायचो. पुरणाचा मांडा हातांवर फिरवत परातीएवढा करायचा आणि तापल्या खापरावर टाकायचा, यात तिचा हात धरणारं तिकडं कुणी नव्हतं. तिच्यावाचून गावात लग्न उभं राहत नसे.

मग मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधीच्या तपासणीत हेपॅटायटिस बी निघाला. लिव्हरला सूज होती. डॉक्टरांनी रोजची गोळी लावून दिली, कायमची. आणि घरात अक्काचं ताट वेगळं झालं. सून वाईट नव्हती हो, घाबरलेली होती. गावात कळलं तशी मांड्यांची बोलावणीही थांबली.

मी सुनेपुढं घसा कोरडा केला. "ताई, हा आजार रक्तातून जातो. ताटातून नाही, मांड्यातून तर नाहीच नाही! सगळ्यांनी तपासून घ्या, लस घ्या, विषय मिटला." ती मान डोलवायची. पुढच्या खेपेला अक्काला विचारावं तर उत्तर ठरलेलं. "ताट अजून वायलंच शे."

एकदा व्हायरल लोडचा रिपोर्ट आला. रक्तात विषाणू सापडलाच नाही! मला कोण आनंद झाला. तरी बजावलं, "अक्का, तो दबलाय, गेलेला नाही. गोळी सोडायची नाही."

"हाव, हाव," म्हणत तिनं कागद पदराच्या टोकाला बांधला. त्यानंतर बरेच महिने ती फिरकली नाही.

उन्हाळा सरता सरता सून तिला धरून घेऊन आली. डोळे पिवळेजर्द, पोट फुगलेलं, पाय सुजलेले. "गोळी?" मी विचारलं. सून पदर तोंडाला लावून रडायला लागली. अक्काच बोलली. "गोळी खाय तवलोंग मी आजारीच ना, भाऊ? सोडी दिनी. मंग ताट घरात उनं."

म्हणजे रिपोर्ट दाखवूनही घरच्यांना खरं वाटेना. बरं झालेलं माणूस गोळ्या कशाला खाईल, हा त्यांचा साधा हिशेब. म्हणून तिनं सगळ्यांदेखत गोळ्या उकिरड्यावर टाकल्या. मग ताट सगळ्यांच्या पंगतीत आलं, लग्नांची बोलावणीही आली.

मला संताप आला. कुणावर काढणार? "अहो अक्का, काय केलंत हे!"

"उन्हाळाभर सगळास संगे जेवनू," ती म्हणाली. "बठ्ठं मिळनं. सगळं."

लिव्हरचे आकडे बघून मी रिपोर्ट डॉक्टरांकडं पाठवला. त्यांनी ताबडतोब दवाखान्यात हलवलं, पण फार उशीर झाला होता. अक्का आठवडाभरात गेली.

दिवसकार्य उरकल्यावर घरचे सगळे तपासणीला आले. अर्ध्या तासाच्या झटपट चाचणीत कुणालाच काही निघालं नाही. सून खुर्चीत बसली होती, कोपराच्या खळगीत कापूस दाबून. तिनं हळूच विचारलं, "भाऊ, म्हणजे आम्ही आधीपासून सोबत जेवलो असतो, तरी...?"

"तरी काही झालं नसतं."

ती तशीच बसून राहिली. बाहेर रांग वाढत होती, कुणीतरी दारावर टकटक केली. तिला उठा म्हणायला माझी जीभ उचलेना.